आधी होडी दाखवा

गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. रासकरकाकांना जाऊन आता वर्ष होत आलं, तरी मला त्यांचा राग येतो आणि तो मी लपवणार नाही. शेवटच्या काळातली दोन अख्खी वर्षं ते पाण्यावर गेले नाहीत. खांदा दुखावला होता, हे खरं. पण ते खांद्यामुळे थांबले नव्हते. खांद्यावर उपाय होता आणि तो त्यांना माहीत होता. दुसऱ्या कुणाचा खांदा असता तर त्यांनीच तो पाच मिनिटांत सांगितला असता. ते थांबले तत्त्वासाठी. जशी होडी तसं वल्हं, आणि जसं वल्हं तसा हात, हा त्यांचा नियम. तो स्वतःसाठी मोडायचा नाही म्हणून हा माणूस दोन वर्षं बिबवेवाडीच्या गॅलरीत बसून राहिला.

काका एका फाउंड्रीत पॅटर्नमेकर होते. लोखंडाचा जो भाग ओतायचा, त्याचा आधी हुबेहूब लाकडी नमुना करायचा, हे त्यांचं काम. लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून नमुना किंचित मोठा ठेवावा लागतो, आणि त्या किंचितपणावरून त्यांनी नोकरीभर साहेबांशी भांडणं काढली. निवृत्त झाल्यावर लोक पेटी शिकतात, नाहीतर सोसायटीचे सेक्रेटरी होतात. काकांनी वल्ही करायला घेतली. फाउंड्रीतल्या कुणा साहेबाची कयाक, म्हणजे एकट्याने वल्हवायची निमुळती होडी, दुरुस्तीला आली होती. ती दुरुस्त करून नीट चालते का बघायला काका तिच्यात बसले, आणि काकू म्हणायच्या तसं, ते काही पुरते बाहेर आले नाहीत.

माझी त्यांची गाठ पडली खडकवासल्याच्या बॅकवॉटरला. मी वाघोलीच्या एका ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवते. चाळिशी उलटल्यावर डॉक्टर व्यायाम करा म्हणाले, जिममधली गाणी मला सोसेनात, म्हणून एका प्रदर्शनातून हौसेने प्लास्टिकची कयाक आणली. त्या सकाळी काठापासून पन्नासेक फुटांवर मी गोल गोल फिरत होते. काठावर पूर्ण बाह्यांचा शर्ट, अर्धी चड्डी आणि डोक्याला पंचा गुंडाळलेला एक उंच म्हातारा उभा होता.

"बाई, कुठे निघालात?"

"समोरच्या काठावर."

"होडीला सांगितलंय का?"

मी कशीबशी काठाला आले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. वल्हं उचललं, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे डोळा लावून पाहिलं आणि परत दिलं.

"कुणी दिलं हे?"

"होडीबरोबर फुकट आलं."

"तरीच. हे अरुंद होडीचं वल्हं. तुमची होडी परातीएवढी. पाण्यापर्यंत पोचायला दर खेपेला कमरेतून वाकताय. बोटांची सालं होडीच्या कडेला घासून गेलीत. संध्याकाळी पाठ धरते?"

"धरते."

"धरणारच. रविवारी बिबवेवाडीला या. होडी आणा. वल्हं आणू नका."

आभार मानायला मी तोंड उघडेपर्यंत ते निघून गेले होते.

"आधी होडी दाखवा" हे त्यांचं पालुपद होतं. फोनवर कुणी "काका, एक वल्हं हवं होतं" म्हटलं की पलीकडून प्रश्न यायचा, "चपला घ्यायला जाताना पाय घरी ठेवून जाता का?" निम्मे लोक तिथेच फोन ठेवत. मीही ठेवला असता, पण पाठ खरंच धरली होती. रविवारी नवऱ्याला मस्का लावून गाडीच्या टपावर कयाक बांधली आणि विश्रांतवाडीहून अख्खं पुणं ओलांडून बिबवेवाडीला पोचले. दर सिग्नलला शेजारची स्कूटर आमच्या टपाकडे बघत होती आणि नवरा माझ्याकडे बघत नव्हता.

काकांच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये स्कूटरचे दोन जुने टायर मांडून ठेवले होते. त्यांवर होडी, होडीत मी.

"लाइफ जॅकेट?"

"इथे कशाला?"

"पाण्यात घालता ना? त्याने हात अडतो. घाला."

मग त्यांनी एक बांबू दिला. दोन्ही टोकांना फडकी बांधलेली, ती बादलीत बुडवून ओली केलेली. म्हणाले, डोळे मिटा आणि पाण्यात करता तसं करा. माझ्या डाव्या-उजव्या बाजूला फरशीवर ओले फराटे उमटायला लागले. काका खडूने त्यांच्याभोवती रेघा मारत होते, घडीची लाकडी फुटपट्टी लावून होडीपासूनचं अंतर घेत होते, आणि दोन दोन मिनिटांनी "चालू द्या" म्हणत होते. पंजाबी ड्रेसवर लाइफ जॅकेट घालून बिबवेवाडीच्या पार्किंगमध्ये डोळे मिटून मी होडी वल्हवत होते. दुधाच्या पिशव्या घेऊन चाललेल्या एका आजोबांनी थांबून विचारलं, "बाई, पाणी कुठवर आलंय?" काकांनी मान वर केली नाही. त्यांना त्यात हसण्यासारखं काही दिसलंच नव्हतं.

निकाल लागला तो असा. "तुमची होडी म्हैस आहे. म्हशीला पळवायचं नसतं. मूठ छातीच्या वर न्यायची नाही. दांडा लांब, पातं अरुंद. लांबून, आडवं, सावकाश."

मी व्हिडिओ पाहिले होते. त्यांत सगळे हात डोक्यापर्यंत उंच नेऊन झपाझप जात होते. मला तसं जायचं होतं, आणि तसं मी बोललेही.

"ती होडी माणसाच्या कमरेएवढी असते. तिच्यात वल्हं उभं धरतात, पावलाशी बुडवतात, कमरेशी काढतात. तुमच्या होडीत तसं केलंत तर पातं तिच्या पोटावर आपटेल. आपटतं ना?"

आपटत होतं. ते वल्हं हातात यायला पुढे तीन महिने लागले. दोनदा मी न्यायला गेले आणि दोनदा "अजून उजवं पातं जड आहे" म्हणून रिकाम्या हातांनी परत आले. बिबवेवाडी ते विश्रांतवाडी हे अंतर शनिवारी संध्याकाळी किती असतं, हे ज्याने कापलंय त्यालाच माझा राग कळेल. शेवटी वल्हं मिळालं आणि होडी सरळ गेली. मी इतकी वैतागलेली होते की आनंद व्हायला दोन फेऱ्या लागल्या.

असे वैतागलेले आम्ही बरेच होतो. पानशेतकडचा एक कॅम्पवाला एकदा माझ्यासमोरच आला होता. धरणाकाठी वडिलोपार्जित जमीन, तिथे तंबू आणि होड्या. त्याला तीस वल्ही हवी होती.

"एकाच मापाची करा, काका. पोरं वल्ही कुठनं कुठं टाकत्यात. जुळवत कोण बसनार?"

"होड्या किती प्रकारच्या?"

"तीन हायेत."

"मग मापं तीन."

"अवो, लोकं येत्यात, फोटू काढत्यात न् जात्यात. वल्हं हातात दिसलं की झालं. तुमच्याइतकं कुनाला कळतंय?"

"कळत नाही ना? म्हणूनच बरोबर द्यायचं. ज्याला कळतं तो वाईट वल्ह्यानेही घरी येतो."

तो माणूस चांगला होता. त्याने हात जोडले, काकूंना नमस्कार केला आणि निघाला. शैलाकाकूंनी ट्रे उचलला आणि काकांकडे न बघता मला म्हणाल्या, "मला बघायला आले होते तेव्हा दहा मिनिटांत हो म्हणाले. तेव्हा नाही काही मापलं." काका फुटपट्टीची घडी घालत म्हणाले, "तेव्हा नोकरीला नवीन होतो."

त्यांची स्वतःची होडी मात्र बघण्यासारखी होती. लाकडाच्या बोटभर रुंद पट्ट्या एकीला एक चिकटवून दोन वर्षं त्यांनी ती गच्चीवर बांधली. सतरा फूट लांब, त्यांच्या कमरेएवढी रुंद, तळ गोल, सुकाणू नाही. होडीच्या आधी तिच्यासाठीचं आखूड, रुंद पात्याचं वल्हं तयार होतं. केसाएवढा फरक न चालणाऱ्या या माणसाने सगळं मापलं होतं. जिना मापला नव्हता. चौथ्या मजल्याच्या वळणावर होडी अडकली. काका अर्धा तास त्या वळणावर फुटपट्टी घेऊन जिन्याचं माप काढत होते. दोनदा काढलं म्हणे. शेवटी गच्चीच्या कठड्यावरून दोर सोडून होडी बाहेरच्या भिंतीने खाली उतरवली. प्रत्येक मजल्याच्या गॅलरीत एक तज्ज्ञ उभा होता. दुसऱ्या दिवशी सेक्रेटरींनी नोटीस लावली की सभासदांनी गच्चीत होड्या बांधू नयेत. काका येणाऱ्या-जाणाऱ्याला ती नोटीस कौतुकाने दाखवत.

त्या होडीत ते बसले की मात्र माझा सगळा वैताग उतरायचा. वल्हं जवळजवळ उभं, पातं पावलाच्या बोटांशी पाण्यात जायचं, आवाज नाही. वरची मूठ कपाळासमोरून सरळ पलीकडे जायची आणि पाठोपाठ अख्खं धड कमरेतून वळायचं. हात काही करतायत असं वाटायचंच नाही. एरवी इतका खवचट माणूस पाण्यावर इतका साधा कसा होतो, हे कोडं मला कधी सुटलं नाही. कडेने कुणी थपाथप पाणी उडवत वाकडातिकडा चालला की मात्र म्हणायचे, "बघा, सारवतोय."

मग खांदा गेला. उजवा. पाण्यावर नाही, माळ्यावरचा पाट काढताना. ऑपरेशन झालं, व्यायाम झाले, आणि डॉक्टरांनी सांगितलं की होडी चालवा, हवी तेवढी चालवा, पण हात खांद्याच्या वर न्यायचा नाही. आम्हाला सुटल्यासारखं झालं. कारण याचं उत्तर काकांनीच आम्हाला शिकवलं होतं. रुंद होडी, लांब वल्हं, मूठ छातीखाली. मी दुसऱ्याच रविवारी माझी कयाक टपावर टाकून त्यांच्या दारात नेली.

"काका, ही घ्या. वल्हं तुमचंच आहे."

"बाई, ही तुमची होडी आहे."

"म्हणून काय झालं? म्हैस असली तरी गरीब आहे."

"मला म्हशीवर बसवायला आलात?"

"मग तुमच्याच होडीत लांब वल्हं घ्या."

"तिचा तळ गोल आहे. पातं लांब पडलं की ती नाक फिरवणार. नागमोडी जाईल."

"जाऊ दे की."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी केमिस्ट्रीच्या पेपरात गुण वाटत सुटलेय. मग मी इंटरनेटवर शोधाशोध केली. बर्फाळ प्रदेशातले शिकारी अरुंद होडीत लांब, फळीसारखं चिंचोळं वल्हं खाली धरून मैलोन् मैल जातात, खांद्याला त्रास नाही. चित्रं छापून नेली. काकांनी चष्मा लावून सगळी पाहिली.

"हे काय मारतात?"

"सील."

"खडकवासल्यात सील आहेत का?"

"काका, वल्हं बघा ना."

"वल्हं बघितलं. तळ कसा आहे त्यांच्या होडीचा?"

"चित्रात दिसत नाही."

"मग."

तो "मग" ऐकून मी चित्रं तिथेच टाकून आले.

दोन वर्षं ती होडी पार्किंगच्या भिंतीला दोरांनी टांगलेली होती, अंगावर जुनी चादर. आधी काका आमच्याबरोबर काठावर यायचे आणि तिथून सगळ्यांना चुका सांगायचे. मग चुका सांगेनासे झाले. मग यायचेच बंद झाले. एकदा काकूंचा फोन आला. "तुम्ही तरी बोला हो. दिवसभर गॅलरीत बसतात. कुणाच्या स्कूटरचा आरसा कसा वाकडा लावलाय ते मला सांगतात. परवा खाली जाऊन एकाचा आरसा पिळून आले. तो पोलिसात जाईन म्हणत होता." काकू हे हसत सांगत होत्या. मग म्हणाल्या, "रात्री झोपेत कूस बदलताना कमरेतून वळतात बघा, होडीत वळायचे तसं. मला कळतं ना ते."

मी गेले. त्या दिवशी मी भांडायचं ठरवूनच गेले होते. म्हटलं, "काका, तुम्ही पुण्यातल्या सगळ्यांची मापं घेतलीत. तुमचं कुणी घेतलं?"

"मीच घेतलं होतं."

"कधी?"

"होडी बांधताना. साठाव्या वर्षी."

"आणि आता कितवं चालू आहे?" ते गॅलरीतून खाली बघायला लागले. मी सोडलं नाही. "लोखंड आकसतं म्हणून नमुना मोठा ठेवायचात ना तुम्ही? माणूस आकसत नाही का?"

"नमुना ओतायच्या आधी मोठा ठेवतात, बाई. ओतल्यावर नाही ठेवता येत."

मला त्यांना गदागदा हलवावंसं वाटलं. समोर पाणी होतं, होडी होती, डॉक्टरांची परवानगी होती, आणि हा माणूस बरोबर उत्तर हातात धरून बसला होता. वाकडं जाण्यापेक्षा न गेलेलं बरं, असं ज्याला वाटतं त्याच्याशी कुणीही वाद घालू शकत नाही. मी उठले तेव्हा ते म्हणाले, "चहा राहिला." मी म्हटलं, "राहू दे."

दोन महिने आम्ही बोललो नाही. मग जानेवारीत एका शनिवारी फोन.

"तुमच्या टपावर ते रॉड आहेत ना अजून?"

"आहेत."

"उद्या सहाला या. होडी उचलायला दुसरं माणूस लागतं."

मी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी नको म्हटलं असतं. सकाळी चादर काढून आम्ही दोघांनी होडी टपावर चढवली. काकूंनी गॅलरीतून पाहिलं. काका जिन्याखाली गेले आणि जुन्या धोतरात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आले. बॅकवॉटरच्या काठावर त्यांनी ते सोडलं. लांब, फळीसारखं वल्हं. पातं चार बोटं रुंद. पॉलिश नाही, नुसतं तेल पाजलेलं, कडा अजून थोड्या खरखरीत. या माणसाने असं अर्धवट काम हातावेगळं केलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

"हे कधी केलंत?"

"वेळ जात नव्हता."

"हे सील मारायचं ना?"

"होडीचं टोक धरा. बडबड नको."

त्यानंतर महिनाभरात ते आणखी सहा-सात वेळा गेले, असं काकू सांगतात. टेम्पो ठरवून जायचे. माझ्या बारावीच्या प्रॅक्टिकल परीक्षा सुरू झाल्या होत्या आणि मला जमलं नाही. मग एका दुपारी झोपेतच ते गेले. मी त्यांना नव्या वल्ह्याने जाताना पाहिलं ते त्या एकाच सकाळी.

चपला काढून त्यांनी माझ्या हातात दिल्या, कारण काठावर चिखल होता. होडीत बसायला त्यांना वेळ लागला. डाव्या हातावर भार देऊन एक एक पाय आत घेतला. मी हात पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही.

"पाच मिनिटं," ते म्हणाले. "समोरच्या काठापर्यंत आणि परत."

"बरं."

"बाई, पाठ करा."

"का?"

"करा म्हणतो ना."

मी पाठ केली. समोर रस्ता होता, रस्त्यावर एक म्हातारी शेळ्या घेऊन चालली होती. मागून पाण्याचा आवाज आला. काकांच्या वल्ह्याचा आवाज मी आजवर कधी ऐकला नव्हता. उजवीकडे तीन, डावीकडे एक. थांबले. पुन्हा उजवीकडे तीन, डावीकडे एक. उजव्या हाताला जोर नव्हता आणि होडी नाक फिरवत होती, हे न बघताही कळत होतं. म्हातारी थांबून माझ्या मागे बघायला लागली. म्हणाली, "वाकडी चालली की ओ."

"चालू द्या," मी म्हटलं.

आवाज बारीक झाल्यावर मी वळले. ते मध्यावर पोचले होते. होडीचं नाक इकडे झुकायचं, मग तिकडे, आणि मूठ छातीच्या वर एकदाही गेली नाही. दुसऱ्या कुणालाही त्यांनी सारवतोय म्हटलं असतं, असं चाललं होतं. मला इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. एवढंच करायचं होतं. दोन वर्षांपूर्वीही एवढंच करायचं होतं. आणि त्या रागाच्या आत मला इतकं बरं वाटत होतं की मी शेळ्यांच्या मालकिणीला उगाचच सांगितलं, "आमचे काका आहेत ते."

ते समोरच्या काठाला लागले. आता वळतील म्हणून मी खाली उतरून होडी धरायला तयार झाले. होडी वळली, पण माझ्याकडे नाही. डावीकडे टेकडीचा पाय पाण्यात उतरतो आणि त्याच्यापलीकडे बॅकवॉटर लांबवर आत जातं, तिकडे तिचं नाक लागलं होतं. मी हाक मारली. त्यांनी मान वळवली नाही. उजवीकडे तीन, डावीकडे एक, असे ते टेकडीच्या आड गेले.

पाच मिनिटं म्हणाले होते. मी दीड तास त्यांच्या चपला हातात घेऊन काठावर उभी होते.